पेटी उघडू द्या

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातलं बारा वर्षांचं मूल यंत्राला घाबरत नाही. बोअरची मोटर बंद पडल्यावर स्टार्टरची पेटी उघडलेली त्यानं पाहिलेली असते. फ्यूज कुठला, कॅपॅसिटर गेला की मोटर नुसती घुमते पण फिरत का नाही, शेताची लाइन दिवसा असते की रात्री, हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं. तेच मूल शाळेतल्या संगणकासमोर हात आखडून बसतं. माउस धरायला मिळतो, चित्र रंगवायला मिळतं. पेटीच्या आत काय आहे ते मात्र आकृतीतल्या बाणांवरून पाठ करायचं आणि परीक्षेत उतरवायचं.

मुलांना संगणक शिकवायचा असेल, तर आधी एक बंद पडलेला संगणक त्यांच्यासमोर उघडावा, असं मला मनापासून वाटतं. तो मिळणं अवघड नाही. माध्यमिक शाळांना संगणक देणारी आयसीटी योजना केंद्र सरकारनं २००४ साली सुरू केली. त्यानंतर वेगवेगळ्या वाटांनी शाळांत आलेली यंत्रं आता जुनी झाली आहेत. कपाटावर, जिन्याखाली, कार्यालयाच्या कोपऱ्यात ती धूळ खात असतात, आणि डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची नोंद असल्यामुळे कुणी हात लावत नाही.

हातांनी काम करत शिकण्याची वाट महाराष्ट्रात आधीच पाडलेली आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. तिथल्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हे सगळं मुलं प्रत्यक्ष कामातून शिकतात, आणि हा अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं २००२ साली पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळाही झाली. धाराशिवच्या अगदी शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा छोट्या गावातल्या शाळेच्या आवाक्याबाहेरचं मी काही सांगत नाही.

वायर काढली, स्क्रू सोडवले, बाजूचा पत्रा सरकवला. मुलांना आधी दिसते ती धूळ. पंख्यानं वर्षानुवर्षं ओढून घेतलेली ती धूळ म्हणजेच पहिला धडा, कारण पंखा का लागतो हा प्रश्न तिथूनच निघतो. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, त्याखाली वाळलेली पांढुरकी पेस्ट, आणि पेस्टखाली प्रोसेसर. साध्या टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर जोरात चालताना साठ-सत्तर वॉट सहज खातो आणि त्या सगळ्याची उष्णता होते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावांत, धुळीनं पंखा गुदमरला की यंत्र आपोआप बंद का पडतं, हे मुलं स्वतःच जुळवतात.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे वाक्य मात्र वर्गातून काढून टाकावं. त्यानं मुलांच्या मनात गूढ तयार होतं, समज येत नाही. प्रोसेसर मोजकीच कामं करतो: आकडा आण, बेरीज कर, तुलना कर, ठेवून दे. चमत्कार आहे तो वेगात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला सेकंदाला तीनशे कोटी ठोके पडतात. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. म्हणजे अर्धी वीत. मुलांनी हाताची वीत पसरून हे अंतर बघावं.

मदरबोर्डवर उभ्या नळकांड्यांना बोट लावून विचारा, हे काय? कॅपॅसिटर म्हटल्यावर डोळे चमकतात, कारण हे नाव घरचं आहे. एखाद्याचं डोकं फुगलेलं असेल, तर यंत्र का मेलं याचाही एक अंदाज हाती लागतो. शेजारी नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. जुना संगणक दरवेळी चुकीची तारीख का दाखवतो, याचं उत्तर बहुधा या सेलमध्ये असतं. मल्टिमीटरनं मोजा, उतरलेला असेल तर नवा बसवा. घड्याळाच्या दुकानात मिळतो.

रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक आपल्याकडच्या मुलांना अनुभवानं ठाऊक आहे. निबंध टाइप करताना लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं जातं. रॅम ही पाटी, हार्ड डिस्क ही वही, एवढं सांगितलं की पुरतं. आता निकामी हार्ड डिस्क उघडून दाखवावी. आत आरशासारखी तबकडी असते. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत ती मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते.

इथे मुंबईची गोष्ट जरूर सांगावी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती ४०-४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे अवघी दहा किलोबाइट. आज चार जीबीची एक रॅम पट्टी त्याच्या चार लाख पट साठवते. ती पट्टी मुलाच्या तळहातावर ठेवूनच हे सांगा.

संगणक नसलेल्या शाळेलाही वाट आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेशिवाय, खेळांतून संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत बसवली. पाच मुलं ओळीत उभी करून १६, ८, ४, २, १ ची कार्डं हातात द्यायची. कार्ड दाखवलं तर एक, लपवलं तर शून्य. पाच कार्डांत ० ते ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. अंगणात दहा मिनिटांत होतं.

काही पथ्यं सक्तीची. वीज देणारी पत्र्याची पेटी, एसएमपीएस, कधीच उघडायची नाही. २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणाऱ्या या भागात वायर काढल्यानंतरही विद्युतभार उरतो. जुना फुगीर काचेचा मॉनिटरही तसाच बंद ठेवावा. जुन्या डाखात शिसं असतं, म्हणून नंतर हात साबणानं धुवायचे आणि काही जाळायचं नाही.

मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना माझी विनंती आहे. जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवाल, तेव्हा त्यातला एक शैक्षणिक साहित्य म्हणून शाळेतच ठेवण्याची परवानगी मागा. बाकीचे भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवा. ठेवलेल्या संगणकासोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मल्टिमीटर विकत घ्या. दोन्ही गावच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात वापरात असतात, आणि त्या दुकानातल्या कारागिराला एक दिवस वर्गात बोलवायलाही हरकत नाही.