'मे'चे दोन अर्थ

काही वर्षांपूर्वी पेडण्याच्या माझ्या एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज केलाच नाही. मुदत उलटून दोन दिवस झाले होते आणि इंग्रजी सूचनेत उशिराच्या अर्जांपुढे 'मे नॉट बी कन्सिडर्ड' असे छापले होते. 'विचार करता येणार नाही' असा अर्थ घेऊन तो गप्प बसला. सूचनेचा अर्थ मात्र 'विचार होईलच असे नाही' एवढाच होता. त्याच्याच वर्गातल्या मुलीने तितक्याच उशिरा अर्ज दिला आणि तो स्वीकारला गेला.

दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. 'मे आय कम इन, सर?' हे वाक्य आपण मुलांकडून पहिलीपासून घोकून घेतो. त्यामुळे 'मे' म्हणजे परवानगी हे डोक्यात घट्ट बसते आणि पुढे 'नॉट' दिसले की मनाई झालीच.

मराठीत या दोन गोष्टींची गल्लत होत नाही. परवानगी मागताना आपण 'आत येऊ का?' म्हणतो, शक्यता सांगताना 'तो आला असेल', 'आला तर येईलही'. इंग्रजीने दोन्ही कामे एकाच शब्दावर सोपवली आहेत. 'कॅन'च्या बाबतीत तर मराठी अधिकच चोखंदळ आहे. शिकून आलेल्या कौशल्याला 'पोहता येते', आजारातून उठलेल्याच्या अंगातल्या ताकदीला 'आता चालवते'. या दुसऱ्या रूपाला जुने व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणत. हल्ली बातम्यांत 'पाऊस पडू शकतो' ऐकू येते. मला ते खटकते. पडायला पावसाला बळ कशाला हवे?

पाठ्यपुस्तके 'मे'पुढे 'कदाचित' लिहून मोकळी होतात. डिचोलीतल्या वर्गात एकदा मी फळ्यावर मुलांच्या घरच्या बोलीतली दोन वाक्ये लिहिली: 'तो येतलो' आणि 'तो येत'. फरक विचारताच मागच्या बाकांवरूनही उत्तर आले. पहिला येणार हे नक्की. दुसरा आला तर आला. मराठीच्या 'येईल'मध्ये या दोन्ही छटा मावतात, म्हणून मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकताना त्या निसटतात. 'येतलो'ला 'विल', 'येत'ला 'मे', आणि त्याहून डळमळीत असेल तर 'माइट'. परवानगीच्या 'मे'ला 'हांव येवं?' आहेच. मराठीच्या वार्षिकात कोकणीचा दाखला कशाला, असे कोणी विचारील. ज्या बोलीतून मुलाला अर्थ कळतो, ती वर्गाबाहेर ठेवायला माझी तयारी नाही.

आता मी राज्यघटनेतली दोन कलमे शेजारी ठेवून हा धडा घेतो. 345व्या कलमात राज्याच्या विधिमंडळाला राजभाषा कायद्याने स्वीकारण्याची मुभा दिली आहे. तिथे 'मे' आहे. 350व्या कलमात कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. तिथे 'शॅल' आहे. या 'शॅल'च्या जागी 'मे' घातला तर काय होईल, असे यंदा विचारले.

मयेहून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, मग तो हक्क 'येतलो' राहणार नाही, 'येत' होईल."