अळंब्यांची पारख

गेल्या वर्षीच्या श्रावणांतील गोष्ट. चार दिवस पाऊस कोसळून पांचव्या दिवशीं उघडीप पडली आणि घरांतील मुलें सकाळींच देवराईकडे गेलीं. दोन प्रहरीं परत आलीं तीं टोपलीभर पांढरीं अळंबीं घेऊन. रायगड जिल्ह्यांतील आमच्या या गांवीं पावसाळ्यांत रानांतलीं अळंबीं खाण्याची चाल जुनी आहे. मात्र ती आम्हां ब्राह्मणांच्या घरांतली नव्हे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत छत्राक वर्ज्य पदार्थांत गणलेलें असल्यामुळें आमच्या मातोश्रींच्या हयातींत तें स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आंत कधीं आलें नाहीं. पुढच्या पिढीचा आहार बदलला. धाकट्या सूनबाईंनीं टोपली पाहतांच वाटण वाटावयास घेतलें.

घरांतील वडील माणूस म्हणून टोपली माझ्यापुढें आली. मीं चार अळंबीं उलटसुलट करून पाहिलीं आणि छत्तीस वर्षें ज्या आवाजांत वर्गांत उत्तरें सांगितलीं त्याच आवाजांत म्हणालों, "सगळीं एकाच जातीचीं आहेत. वारुळावरचींच. करा खुशाल." या एका वाक्याची मला अजून लाज वाटते, आणि तें वाक्य दुसऱ्या कोणा आजोबांच्या तोंडून निघूं नये म्हणून हा लेख.

पुण्यास महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणारा माझा नातू त्या वेळीं सुटींत आला होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, एक रात्र थांबूं या का? ठसा घेऊन पाहतों." मला राग आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. पण सूनबाईंनीं वाटण झांकून ठेवलें आणि त्या रात्रीं पिठल्यावर भागविलें.

ठसा घेण्याची कृति कोणासहि करतां येईल अशी सोपी आहे. छत्रीच्या खालच्या अंगास पोथीच्या पानांसारखे दाट पापुद्रे असतात. त्यांवर बीजाणु तयार होतात आणि पक्व झाले म्हणजे आपोआप खालीं झडतात. नातवानें अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घेतला, त्यावर पांच छत्र्या पापुद्र्यांची बाजू खालीं करून ठेवल्या आणि प्रत्येकीवर एकेक वाटी उपडी घातली. कागद दुरंगी घ्यावयाचा तो अशासाठीं कीं, पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाहीं व गडद ठसा काळ्यावर दिसत नाहीं.

सकाळीं वाट्या उचलल्या. तीन छत्र्यांखालीं वाळलेल्या गुलाबपाकळीसारखा फिकट गुलाबी ठसा उमटला होता. दोन छत्र्यांखालीं शेवाळी हिरवा! वरून पाहतां पांचहि पांढऱ्या, पापुद्रेहि पांढरेच दिसत होते. "सगळीं एकाच जातीचीं" म्हणणारे मास्तर तो कागद पाहून कांहीं वेळ बोललेच नाहींत.

निवृत्त झाल्यावर मीं एक जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र हौसेनें विकत घेतलें होतें. तें त्या दिवशीं खरें कामास आलें. सुईच्या अग्रावर मावेल इतकीच पूड कांचपट्टीवरील पाण्याच्या थेंबांत कालवून वर पातळ कांच ठेवली. आधीं कमी शक्तीच्या भिंगानें जागा शोधली, मग तेलाचा थेंब देऊन सर्वांत मोठें भिंग खालीं आणलें. या भिंगानें वस्तु हजारपट मोठी दिसते. नेत्रभिंगांत एक बारीक मोजपट्टी बसविलेली असते. तिच्यावरील एक रेघ म्हणजे किती मायक्रॉन, हें आंखीव कांचपट्टीवर आधीं ताडून ठेवावें लागतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकच बीजाणु मोजून भागत नाहीं; आम्हीं प्रत्येक ठशांतील वीस वीस मोजले.

गुलाबी ठशांतील बीजाणु ६ ते ८ मायक्रॉन लांब, ४ ते ५ रुंद, गुळगुळीत, पातळ भिंतीचे व अंडाकृति होते. हिरव्या ठशांतील त्यांहून मोठे होते, कांहीं तर ११-१२ मायक्रॉन भरले. त्यांची भिंत जाड होती आणि एक टोंक कापल्यासारखें चपटें असून तेथें बारीक छिद्र होतें. पहिलीं अळंबीं टर्मिटोमायसीस या प्रजातीचीं, म्हणजे वारुळावरचींच. हें नांव फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनीं १९४२ सालीं दिलें. दुसरें क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. तें गवताळ जागीं उगवतें, आणि पोटांत गेल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या वांत्या व जुलाब सुरू करतें. मुलांनीं देवराईच्या वाटेवरील माळावरूनहि चार छत्र्या उचलल्या होत्या हें चौकशीअंतीं कळलें. आमच्या पंगतींत त्या रात्रीं दोन लहान मुलें बसणार होतीं.

मग नातवानें एक पिंगट द्रव काढला. पाण्यांत आयोडीन, पोटॅशियम आयोडाइड आणि क्लोरल हायड्रेट मिळवून तो करतात. हा द्रव ज्याच्या नांवानें ओळखला जातो तो व्हात्स्लाव मेल्झर (१८७८-१९६८) हा चेक गृहस्थ पेशानें शाळामास्तर होता, हें ऐकून मला थोडा धीर आला! रुसुला नांवाच्या रानअळंब्यांच्या बीजाणूंवरील नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून त्यानें हा द्रव योजिला व १९२४ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या थेंबानें आमचे गुलाबी ठशाचे बीजाणु तसेच राहिले. हिरव्या ठशाचे तांबूस तपकिरी झाले.

मीं उत्साहानें विचारलें, "म्हणजे रंग बदलला कीं विषारी?" नातू म्हणाला, "नाहीं आजोबा, येथेंच लोक फसतात." रुसुलाच्या बीजाणूंवरील नक्षी या द्रवानें निळी-काळी होते, आणि रुसुलाच्या कित्येक जाती युरोपांत आवडीनें खातात. युरोपांतील ओकच्या रानांत उगवणारें अमानिटा फॅलॉइडीस हें प्राणघातक अळंबें. त्याचेहि बीजाणु निळेच होतात. उलट त्याचें भावंड, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलें अमानिटा मस्कारिया, विषारी असून निळें होत नाहीं. तात्पर्य, यंत्र कुळ सांगतें. गुण सांगत नाहीं. नांव निश्चित झाल्यावर गुणदोष पूर्वीच्या लोकांच्या अनुभवावरून जाणावयाचे, आणि तो अनुभव पुष्कळांनीं प्राण देऊन मिळविलेला आहे.

या प्राणघातक अळंब्याचें विष शिजवून नष्ट होत नाहीं. खाल्ल्यावर बहुधा सहा ते चोवीस तास कांहींच होत नाहीं. मग वांत्या-जुलाब होतात, पुढें बरें वाटूं लागतें, आणि त्या फसव्या आरामांत यकृत निकामी होत जातें. आपल्याच देशांत एप्रिल २०२२ मध्यें आसामांत रानअळंबीं खाऊन १३ जण दगावले. चांदीचें नाणें काळें पडलें नाहीं, लसूण शिजतांना रंगला नाहीं, किडीनें खाल्लेलें होतें, या घरगुती कसोट्यांपैकीं एकीलाहि अर्थ नाहीं.

त्याच दुपारीं दरवर्षीं अळंबीं विकावयास येणारी कातकरी म्हातारी आली. ओटीवर उरलेल्या छत्र्या पाहून तिनें विचारलें, "मास्तर, ह्यांचं मूळ कुठं हाय?" मुलांनीं माती नको म्हणून छत्र्या देंठापासून चाकूनें कापून आणल्या होत्या. ती अळंबें कधीं कापीत नाहीं. काठीनें उकरते, आणि देंठाचें लांब निमुळतें मूळ खालीं वारुळांत गेलेलें दिसलें तरच घेते. वाळवी आपल्या वारुळांत या बुरशीचे मळे राखते व तेथूनच तें अळंबें वर येतें, हें शास्त्र म्हातारीनें वाचलेलें नाहीं. पण जी खूण मला हजारपट मोठी करून पाहावी लागली तिच्या जोडीची खूण तिनें काठीनें पाहिली होती. सुश्रुतसंहितेंतहि अळंबीं सांगतांना पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि भूमि अशी उगवण्याची जागा आधीं सांगितली आहे. जागेचा प्रश्न यंत्राला विचारतां येत नाहीं. हल्ली आनुवंशिक द्रव्याचा एक ठराविक भाग वाचून बुरशीची जात ठरवितात, व २०१२ पासून त्या भागास सर्वसाधारण मान्यताहि आहे. पण तेथेंहि नमुना कोठें, कशावर उगवला ही नोंद लागतेच.

म्हणून ज्या घरांत मुलांना हा नाद असेल तेथें इतकें पाळावें. अळंबें मुळासकट उकरावें. जवळचें झाड, माती, वास, रंग तेथेंच टिपून ठेवावा. प्रत्येक जात निराळ्या कागदांत गुंडाळावी. मग ठसा, मग यंत्र. यंत्रानें जात ओळखण्याचा आनंद घ्यावा, परंतु त्याच्या एकट्याच्या जोरावर पानांत वाढूं नये. एक खूण जरी जुळली नाहीं तरी सबंध टोपली टाकावी. चुकून पोटांत गेलेंच तर लक्षणांची वाट न पाहतां, उरलेले तुकडे घेऊन रुग्णालय गांठावें.

आमची टोपली त्या दिवशीं परसांतल्या खड्ड्यांत गेली, आणि सूनबाईंनीं तें वाटण बिरड्यास घातलें. यंदा पाऊस पडल्यावर मुलें पुनः देवराईकडे गेलीं आहेत. त्यांच्या टोपलींत आतां चाकू नाहीं, खुरपें आहे.