पर्शियन मांजर आणि कोल्हापूरचा पावसाळा

मांजर जिभेवरील आत वळलेल्या केराटिनच्या सूक्ष्म काट्यांनी आपले अंग विंचरते. तथापि पर्शियन जातीचा दुहेरी केसाळ थर, म्हणजे वरचे लांब केस आणि त्यांखालची मऊ, दाट लव, एकट्या जिभेला आवरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात हवा सतत दमट राहत असल्याने भिजलेले केस लवकर वाळत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होऊन त्वचा ताणली जाते आणि ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या बुरशीमुळे होणारा, माणसांनाही जडणारा गजकर्ण हा त्वचारोग बळावण्यास वाव मिळतो. म्हणूनच ग्रूमिंग, अर्थात केस विंचरणे, गुंता काढणे, स्नान, नखे कापणे आणि कान तपासणे, ही येथे आरोग्यरक्षणाची बाब ठरते. मांजराची पातळ, सैल त्वचा गुठळीबरोबर वर ओढली जात असल्याने कुशल ग्रूमर तेथे कात्री न चालवता केस कापण्याचे विजेचे यंत्र वापरतो. सर्वाधिक दक्षता मात्र औषधांबाबत हवी: कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरील काही औषधांत असणाऱ्या परमेथ्रिनचे पुरेसे विघटन मांजराच्या यकृताला करता येत नाही, आणि त्यामुळे झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो.