एका उद्गारचिन्हाची किंमत

आमचे शालेय शिक्षण थोडके. पुस्तकाशी पटले नाही, तर चूक आमचीच, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. पुढे एका कारखान्याच्या करारात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ छापले गेले, त्यापायी कामगारांचा भत्ता अडला, आणि आमचे डोळे उघडले.

संगणकावर मजकूर लिहिण्याचे ‘विम’ नावाचे एक साधन आहे. ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये ते निवर्तले. काम चालू आहे. माहितीपुस्तिका साधनाबरोबरच येते. बाहेर पडण्याची आज्ञा कोलन आणि क्यू. मजकूर जतन केलेला नसेल, तर साधन अडवते. त्याच आज्ञेपुढे उद्गारचिन्ह दिले, की न जतन केलेले टाकून ते बंद होते.

समजा, पुस्तिकेत हे चिन्ह चुकून जास्त पडले. जाणत्याचे काहीच बिघडत नाही. त्याला आज्ञा पाठ असते. नवशिक्याची दिवसभराची मेहनत मात्र बुडते.

दुरुस्तीची रीत सोपी आहे. आज्ञा स्वतः चालवून पाहावी, चुकलेली ओळ सुधारावी, आणि जुन्या-नव्या ओळींतला फरक कारणासह साधन सांभाळणाऱ्यांकडे पाठवावा. एका वेळी एकच दुरुस्ती असली, की तपासणे सोपे जाते. हा अधिकार कोणासही आहे.

जाणता पुस्तिका उघडीत नाही, म्हणून चूक त्याला दिसत नाही. ज्याला ठेच लागते, त्यालाच दगड दिसतो. त्याने स्वतःला अडाणी न म्हणता तो उचलून बाजूला ठेवावा. मागून येणारे पुष्कळ आहेत.