किराण्याची यादी आणि मुळ्याचा प्रयोग



दिवाळीत तेल्हाऱ्याला घरी होते, तेव्हा बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.१. म्हणजे डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबिटीस म्हणतात. बाबा रोज शेतात जाणारे, अंगाने बारीक. ते म्हणाले, "माझं कुठं पोट सुटलं आहे?" आई म्हणाली, "उद्यापासून गोड बंद. माणसाचा मनावर ताबा पाहिजे."

ही दोन वाक्यं म्हणजे खरं तर दोन गृहीतकं आहेत आणि दोन्हींवर संशोधन झालेलं आहे. पेट किंवा नेटची तयारी करत असाल तर ते जरूर समजून घ्या. रिसर्च मेथडॉलॉजीचे तीन-चार धडे त्यात आपोआप होतात.

गृहीतक १: बारीक माणसाला शुगर होत नाही

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख आला. त्यात दोन डॉक्टरांचा फोटो होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकाच माळेत बसवत होता, शरीर मात्र वेगळं होतं.

आता दोन माणसांवरून निष्कर्ष निघत नाही, हे तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर आहे. तो फोटो फक्त उदाहरण होता. पुरावा आला पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून. तिथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे 'बारीक, पण चरबी असलेलं' शरीर जन्मापासूनच दिसतं. यावरून बाबांना शुगर साखरेमुळे आली असं सिद्ध होत नाही. एवढंच कळतं, की बारीक असणं ही हमी नाही.

गृहीतक २: मनावर ताबा पाहिजे

१९९८ मध्ये अमेरिकेत रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. खोलीत ताज्या चॉकलेट बिस्किटांचा वास. काहींना बिस्किटं खायला दिली, काहींना समोर बिस्किटं असताना फक्त मुळा खायला सांगितला. मग सगळ्यांना न सुटणारं कोडं दिलं. बिस्किटं खाल्लेले साधारण १९ मिनिटं झटले, मुळेवाले ८ मिनिटांतच थांबले. निष्कर्ष असा, की मनाचा ताबा टाकीतल्या पेट्रोलसारखा असतो, वापरला की संपतो.

ही कल्पना पुस्तकांतून, भाषणांतून सगळीकडे पोचली. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, आधीच ठरवून जाहीर केलेल्या पद्धतीने ती पुन्हा तपासली. परिणाम जवळजवळ शून्य आला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांनी मुळा-बिस्किटाचाच प्रयोग केला नव्हता, वेगळं काम दिलं होतं. बाउमायस्टर यांनी त्यावर आक्षेपही घेतला. म्हणून वाद पूर्ण मिटला असं नाही, पण 'पेट्रोलची टाकी' आता भरवशाची राहिलेली नाही. हा झाला रेप्लिकेशनचा धडा.

मग काही लोकांना गोड टाळणं सोपं कसं जातं? २०१२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म हॉफमन यांच्या गटाने २०५ माणसांना आठवडाभर दिवसातून अनेकदा मोबाइलवर विचारलं, की आत्ता कसली इच्छा होते आहे, ती रोखताय का? स्वभावाने संयमी माणसं मोहाशी जास्त लढत असतील असं वाटतं ना? उलट, त्यांना नको त्या मोहांना तोंड द्यायची वेळच कमी येत होती. हा सहसंबंध आहे, कारण-परिणाम नाही. पण दिशा दाखवतो, की लढाई जिंकण्यापेक्षा ती टाळणं जमतंय का ते बघावं.

घरात काय आहे, याने फरक पडतो?

२०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात जास्त प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. आधी कोणतं, हे चिठ्ठीसारखं यादृच्छिक ठरवलं. याला क्रॉसओव्हर म्हणतात, कारण प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल असतो. वाढलेल्या जेवणातली साखर, मीठ, तंतू, कॅलरी दोन्हीकडे जुळवलेली. पाहिजे तेवढं खा, एवढीच सूचना. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी ०.९ किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, मनाचा ताबाही तोच. बदललं फक्त समोरचं अन्न. मर्यादाही लक्षात ठेवा: वीसच जण, थोडा काळ, आणि आपली भाकर-वरण त्यात नव्हतं.

आता आमची यादी

आधी गणित. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजेच २५ ग्रॅम साखर. चार माणसं, तीस दिवस: ३ किलो. आमच्या यादीत पाच किलो साखर, वर दोन किलो गूळ आणि बिस्किटांचे फॅमिली पॅक! गूळ आणि मध मुक्त साखरेतच मोजतात. आख्ख्या फळातली आणि दुधातली साखर मोजत नाहीत. लहान मुलं कमी खातात, त्यांचा हिशोब आणखी कमी धरा.

म्हणून आम्ही हे केलं:

- साखर आणि गूळ मिळून महिन्याला तीन किलो. मध्ये संपली तर पुन्हा आणायची नाही.
- बिस्किटं, शरबताची बाटली यादीतूनच काढली. पाहुण्यांसाठी चिवडा.
- चार वाजताच्या भुकेला फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या. घरचीच तूर, हरभरा, मूग आहेत, त्यामुळे मोड आणायला वेगळा खर्च नाही.
- पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर, लिक्विड ग्लुकोज किंवा इन्व्हर्ट सिरप दिसलं की पाकीट परत.
- सणाचं गोड सणालाच. पुरणपोळी बंद केली तर आमच्या घरात संशोधनच बंद पडेल.

डबा वरच्या फळीवर ठेवून फरक पडतो का? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार खाणं दूर ठेवलं की कमी खाल्लं जातं असं दिसतं, पण पुरावा कमी खात्रीचा. फुकटचं आहे, म्हणून आम्ही ठेवला.

तीन महिन्यांनी बाबांचा आकडा ५.८ आला. आई म्हणाली, "पाहा, यादीचा गुण." मी गप्प राहिले, कारण त्याच काळात बाबा रात्री जेवल्यावर फिरायलाही लागले होते. एक माणूस, दोन बदल, कंट्रोल नाही, आणि तपासणीतही थोडा फरक पडतोच. यावरून कशाने गुण आला ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं आहे. तुमच्या घरी कुणाला गोळ्या सुरू असतील तर यादी बदलताना डॉक्टरांना विचारा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

बाबांना मात्र आता एक गोष्ट पटली आहे. टपरीवर चहा घेताना मनाशी भांडावं लागतं, घरी भांडावं लागत नाही. कारण घरी बिस्किटच नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: घरची या महिन्याची किराण्याची यादी काढा, साखर-गुळाला माणसं आणि दिवसांनी भागा. आकडा किती येतो ते बघा. डेटा गोळा करायची सुरुवात तिथूनच करू.