सोळाव्या वर्षाची उदास गाणी

घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी खोलीचे दार लोटून घेते, कानांत इअरफोन घालते आणि कुणा परदेशी गायकाचा खिन्न, कुजबुजता स्वर तासन्‌तास ऐकत राहते. एखाद्या दिवशी त्या गाण्याचे शब्द सहज आई-वडिलांच्या नजरेस पडतात, तर त्यांत एकटेपणा, व्यसन, मृत्यू आणि स्वतःविषयीचा तिटकारा! हे ऐकू द्यावे की बंद करावे, असा प्रश्न त्यांना पडला तर नवल नाही.

हे संगीत बहुधा ‘इंडी रॉक’ या नावाने ओळखले जाते. इंडी हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना वगळून मँचेस्टरची ‘फॅक्टरी’, लंडनची ‘रफ ट्रेड’ अशा छोट्या संस्थांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे दालन उघडले. पुढे हे नाव व्यवहारापेक्षा शैलीलाच अधिक चिकटले. सगळाच इंडी रॉक उदास नसतो. पण जो असतो, तो मुलांना नेमका याच वयात सापडतो.

पाश्चात्त्य अल्बमवरची ‘पॅरेंटल अ‍ॅडव्हायझरी’ ही पट्टी पाहून निर्णय घेणाऱ्यांची येथे निराशा होते. १९८५ मध्ये अमेरिकेत टिपर गोर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी गाण्यांतील मजकुराविरुद्ध मोहीम उघडली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि ती पट्टी आली. या मोहिमेचा रोख लैंगिक उल्लेख, हिंसा, मादक पदार्थ आणि जादूटोणा यांवर होता. दुःखावर शिक्का मारा, असे कोणी म्हटले नव्हते. परिणामी शिवी असलेले खेळकर गाणे शिक्क्यासह येते आणि निराशेने काठोकाठ भरलेले गाणे शिक्क्याविना.

मुळात दुःखी गाणे ऐकून माणूस दुःखी होतो, हे गृहीतकच तपासायला हवे. चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने हाच मुद्दा मांडला होता. करुण रसात केवळ दुःखच असते, तर त्याच्याकडे कोण वळले असते, असा त्याचा सवाल. तलत महमूद यांच्या कापऱ्या आवाजावर ज्यांचे तारुण्य पोसले गेले, त्यांना याचे उत्तर वेगळे सांगायला नको. २०१४ मध्ये बर्लिनमधील तारुफी आणि कोल्श या संशोधकांनी ७७२ जणांना उदास संगीताविषयी विचारले, तेव्हा सर्वाधिक जणांनी सांगितलेली भावना दुःख नव्हती, गतकाळाची हुरहुर होती.

अर्थात, हा दिलासा सरसकट नाही. फिनलंडच्या सुवी सारिकालिओ आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅट्रिना मॅकफेरन यांनी सहकाऱ्यांसह किशोरवयीनांसाठी १३ प्रश्नांची एक मोजपट्टी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात गाणे कोणते, हे विचारलेलेच नाही. गाण्याने मन हलके होते की ऐकल्यावर आणखी खचल्यासारखे वाटते; गाणे लोकांशी जोडते की लोकांपासून लपण्याचा आडोसा होते, असे तिचे प्रश्न. मन आधीच नैराश्याने ग्रासलेले असेल, तर तेच गाणे त्याच त्या विचारांचे रवंथ करण्याचे साधन होऊ शकते. त्यात आजची अ‍ॅप्स एका उदास गाण्यामागून तशीच दहा आपणहून लावतात. कॅसेटची बाजू निदान संपत तरी असे!

यादीवरून निवाडा करणे म्हणूनच फसवे ठरते. ‘द स्मिथ्‌स’ची शीर्षके वाचून पालक हबकतील, पण मॉरिसीचे रडगाणे बरेचदा स्वतःचीच टर उडवत असते आणि जॉनी मारची गिटार तर चक्क उल्हसित. एलियट स्मिथचे तसे नाही. ‘गुड विल हंटिंग’मधील त्याच्या गाण्याला १९९८ मध्ये ऑस्कर नामांकन मिळाले. त्याच्या हळुवार स्वरात व्यसन आणि आत्मघृणा इतक्या सुंदरपणे विरघळलेली असतात, की अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ती एकट्याने ऐकू नयेत, असे मला वाटते. २००३ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी तो गेला. दुःखी गाण्यापेक्षा अशा अकाली मृत्यूभोवती चाहत्यांनी विणलेले वलय मला अधिक चिंतेचे वाटते. मरण हीच प्रतिभेची पावती, हा समज गाण्यातून कमी आणि त्या वलयातून अधिक पसरतो.

मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ची हकीकत या संदर्भात पुनःपुन्हा आठवते. गायक इयान कर्टिस अपस्मार आणि नैराश्य यांनी ग्रासलेला होता. १८ मे १९८० रोजी, २३व्या वर्षी, त्याने जीवन संपवले. ‘क्लोजर’ हा अल्बम त्यानंतर दोन महिन्यांनी आला. त्यातले शब्द आज ऐकताना अंगावर काटा येतो. ते शब्द त्याचे सहकारी रोज ऐकत होते, त्यावर वाद्ये वाजवत होते. ही त्याची कला आहे, असे आम्ही धरून चाललो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ‘हे तू स्वतःविषयी लिहितो आहेस का?’ असे कोणी विचारले नाही.

घरात गाणे बंद करून हा प्रश्न विचारता येत नाही. बंदी आली की मूल इअरफोनचा आवाज वाढवते आणि बोलायचे थांबते. ऐकून झाल्यावर ते जेवायला येते का, मित्रांना तेच गाणे पाठवते का, चिडचिड का होईना पण बोलते का, याकडे लक्ष असावे. झोप उडाली, शाळा नकोशी झाली, आवडत्या गोष्टी सुटल्या, जगण्याचा कंटाळा बोलण्यात येऊ लागला, तर मात्र गाण्यांची चर्चा बाजूला ठेवून समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

एरवी इअरफोनचे एक टोक मागून घ्यावे. सुरुवातीला स्मिथ्‌सचा १९८६चा ‘द क्वीन इज डेड’ बरा. सगळा मिळून सुमारे ३७ मिनिटांचा आहे.