जुना रुपया घासू नका!

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट शिकलो: डाग निघावा, पण रंग जाता कामा नये. जुन्या नाण्यांचेही तसेच आहे. वडिलांच्या गल्ल्यातले १८६२ साल कोरलेले राणी छाप रुपये आम्ही हौसेने चिंच-राखेने घासून लखलखीत केले. जाणकार गिऱ्हाइकाने हातात घेऊन पाहिले आणि नुसत्या चांदीचा भाव सांगितला!

११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयावर हवेतल्या गंधकाने वर्षानुवर्षे चढलेली काळसर-निळसर झाक म्हणजे मळ नव्हे. ती नाण्याच्या वयाची साक्ष आहे. चिंच, लिंबू, राख तिला खाऊन टाकतात. तेलकटपणा किंवा पीव्हीसीच्या पाकिटाचा हिरवा चिकटा मात्र काढलाच पाहिजे. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन वापरावे, नखांचा रंग काढायचे औषध नव्हे. काचेच्या वाटीत नाणे काही मिनिटे बुडवावे, मग ताज्या ॲसिटोनमधून काढून, न पुसता वाळू द्यावे. झाक तशीच राहते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ॲसिटोन झटकन पेटते, म्हणून विडी-दिवा लांब!

व्यापारी बंधूंनो, घासलेले नाणे विकायचेच असेल तर तसे सांगून विका. ऐब झाकलेला माल एकदाच खपतो.